तेरणेच्या बांधाचं गाणं

उमरग्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धम्मपालला घरी गाणी रेकॉर्ड करायचा नाद होता. मागच्या खोलीच्या खिडक्यांना त्यानं वाकळा ठोकल्या होत्या. माईक, लॅपटॉप, हेडफोन, सगळं होतं. पुरं झालेलं गाणं मात्र एकही नव्हतं. कुठं सूर घसरायचा, कुठं शेजारच्यांचा कुकर शिट्टी द्यायचा. की हा थांबायचा, झालेलं पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

त्या रविवारी सकाळी माईकसमोर त्याचे वडील बसले होते. आबांच्या स्वरतंतूवर गाठ निघाली होती. मंगळवारी सोलापुरात ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज कितपत राहील, हे डॉक्टर आधी सांगायला तयार नव्हते.

तरुणपणी आबा तेरणा नदीवरच्या माकणीच्या धरणावर माती वाहायला होते. तिथं त्यांनी एक गाणं जुळवलं होतं. एकेका कडव्यात टोळीतल्या एकेका माणसाचं नाव. ते कागदावर कधी उतरलंच नाही.

"म्हणा, आबा."

पंखा बंद होता. खोलीत नुसतं उकडत होतं. आबांनी डोळे मिटले.

"पाटी उचल, कडूबाई, ऊन आलं माथ्याला,
तेरणामाय थांबली बघ तुझ्या-माझ्या हाताला."

सुरुवातीला बसलेला आवाज दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. कडूबाई झाली, हणमंतप्पा झाला. लक्ष्मम्माच्या कडव्याला आबा असे चढले, की धम्मपालची बायको गौरी कणकेच्या हातानं तशीच दारात येऊन उभी राहिली. तेवढ्यात हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला.

धम्मपालनं हात वर केला. "थांबा, आबा. हॉर्न आला."

"येऊ दे की. धरणावर काय कमी दणका हुता?"

"नाही, स्वच्छ पाहिजे. पहिल्यापासून म्हणा." बोलता बोलता त्यानं ते पुसूनही टाकलं.

दुसऱ्या खेपेला त्याला सारखं वाटत होतं, वाकळेच्या फटीतून आवाज येतोय. तो उठला, बसला, माईक बोटभर पुढं सरकवला. आबा हणमंतप्पापाशी खोकले. त्यानं तेही पुसलं.

"अहो, त्यांना घोटभर पाणी तरी पिऊ द्या," गौरी म्हणाली.

"ऑपरेशन परवा आहे, गौरी!"

तिसऱ्या खेपेला लक्ष्मम्माच्या नावावर आबांचा आवाज फाटला. ते थांबले नाहीत. जवळजवळ बोलतच त्यांनी उरलेली नावं घेतली आणि उठले. "झालं, बाबा. आता गळ्यात काय न्हाय."

सोमवारचा सगळा दिवस धम्मपाल लॅपटॉपमध्ये पहिलं गाणं धुंडाळत राहिला. बॅग भरता भरता मध्येच येऊन बसायचा. ते मिळालं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. पण आबांनी पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नव्हता. गौरीनं त्यांना पाटी-पेन्सिल आणून दिली. घरी आल्यापासून धम्मपाल त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. उशी सरकव, गोळ्या मोज. चौथ्या दिवशी तो एकदम बोलून गेला,

"आबा, पहिलं लई चांगलं झालं होतं. म्या पुसलं ते."

आबांनी लिहिलं, 'पुसताना बघितलं म्या.'

"मग काही बोलला का नाहीत?"

आबांनी पाटी पुसून लिहिलं, 'तू लई घाईत हुतास. आता उरलंय ते लाव.'

त्यानं लावलं. फाटका आवाज सुरू झाला. शेवटचं नाव आलं, गाणं संपलं. आबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घाईनं लिहिलं, 'वीरप्पा राहिला.' मग पाटी पुसली आणि वीरप्पाचं कडवं लिहिलं. खाली लिहिलं, 'तू म्हण.'

"माझा सूर लागत न्हाय, आबा."

आबांनी पेन्सिलनं पाटीवर टकटक केलं.

धम्मपालनं माईक ओढला. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. 'वीरप्पा'वर त्याचा सूर उतरला, दुसऱ्या ओळीत आणखी उतरला. हात थांबवायच्या बटणाकडं जात होता. तो कडवं पुरं करूनच थांबला.

आबांनी हसून दोन बोटं वर केली. ओळी दोनदा म्हणायच्या होत्या.

त्यानं दुसऱ्यांदा म्हटल्या, आणि वीरप्पाला आबांच्या गाण्याला जोडून ठेवलं.