दासोहाचं शटर

"पंगतीतला शेवटचा माणूस उठल्याबिगर आपल्या ताटाला हात लावायचा न्हाई, मंजव्वा. एवढं एक सांभाळ. बाकी शिव सांभाळतो."

माझे सासरे मडिवाळप्पा हे बोलले तेव्हा नांदेडातल्या मोठ्या दवाखान्यासमोरचं आमचं दुकान रिकामं करून तिथं नुकत्या चुली मांडल्या होत्या. आम्हा लिंगायतांत अन्नदानाला दासोह म्हणतात. मामंजींनी सांगितलं आणि मी धरलं. सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग दिवसभर पाण्यावर, आणि संध्याकाळी शेवटचं ताट उठलं की माझा पहिला घास. पुढं मामंजी गेले, दासोहाची संस्था झाली, पेशंटच्या नातेवाइकांची रांग रस्त्याला लागली. माझा नेम तसाच राहिला.

कारभार लुंबिनी बघते, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत असू. समाजकार्य शिकून आलेली, चुणचुणीत मुलगी. खरं तर कोठीची किल्ली माझ्या कमरेला असायची, आणि डाळ किती भिजवायची इथपासून सगळं मलाच विचारून व्हायचं. वाढायला नासिर. त्याच्या घरचा लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. एकदा मोठं पातेलं पोचवायला म्हणून आला, आणि गर्दी बघून पळी हातात घेतली ती घेतलीच.

लातूरचा राजशेखर माझ्या नात्यातलाच, डाळीचा व्यापारी. तिथल्या दवाखान्याजवळ त्याच्या मंडळींना असंच अन्नछत्र काढायचं होतं, म्हणून तो आमचं काम बघायला आला. सकाळपासून एका स्टुलावर बसून होता. संध्याकाळी म्हणाला,

"अक्का, तुमची पूजा चालू होती तवा डाळ संपली. स्वयंपाकाच्या बाया कोठीसमोर बसून राहिल्या. किल्ली तुमच्याकडं."

"मग पूजेत हाक मारायची का?" लुंबिनी म्हणाली.

"तेच म्हणून राहिलो मी. उद्या अक्का आजारी पडल्या की इथं कुलूप. ही संस्था न्हाई गं. अक्काचं घर हाय, जरा मोठं झालेलं."

मला राग आला. मी आवाज चढवत नाही, त्यामुळं माझा राग आत बसून राहतो आणि जास्त त्रास देतो. पण तो खोटं बोलत नव्हता. शेवटी त्यानंच तोड काढली. आठवडाभर मी लातूरला जायचं, तिथल्या बायांना मोठा स्वयंपाक, पंगत, साठवण शिकवायची. तोवर इथलं लुंबिनीनं सांभाळायचं. "तिकडंबी शिकतील, इकडंबी शिकतील."

मी किल्ली सोडून लुंबिनीच्या हातात ठेवली. कमर उगीच हलकी वाटली. निघता निघता म्हणाले, "मिठाकडं लक्ष ठेव हं."

"मिठाचं तुम्ही न्हाई सांगायचं, अक्का. वाढायच्या आधी तुम्ही कधी चव तरी घेतलीय का?"

नासिर पातेल्यात तोंड लपवून हसला. खरंच होतं ते. नेमामुळं मी आजवर नुसत्या वासावर स्वयंपाक पारखला होता.

लातूरला राजशेखरच्या गोदामातच चुली बांधल्या होत्या. बाया शिकायला उत्सुक. त्यांच्यातली सिद्धम्मा सगळ्यांत थोरली, तिला एकदा दाखवलं की पुरे. माझंच लक्ष लागेना. तांदूळ धुताना कान नांदेडकडं. संध्याकाळी फोन लावला.

"सगळे जेवले का गं?"

"हाव अक्का, जेवले. तुम्ही बसा आता जेवायला."

मागून ताटांचा आवाज येत होता. मग नासिरचा आवाज आला, "सरका की मावशी, जागा हाय, हितं बसा."

"कोण आलंय?"

"कुणी न्हाई अक्का. भांडी चाललीत." फोन ठेवला तिनं.

भांड्यांना कुणी सरकून बसा म्हणत नाही. राजशेखरच्या बायकोनं ताट वाढलं, मी हात जोडून उठले. रात्रभर कूस बदलत राहिले. काय लपवतात? कुणाला बसवतात? भाड्यानं तर दिलं नाही ना स्वयंपाकघर, लग्नाच्या पंगतींना? नासिरचा धंदाच तो. असलं मनात येतंय म्हणून स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते येतच राहिलं. पूजेला बसले तर नजर लिंगावर, मन नांदेडच्या कोठीत.

रविवारी सकाळी मी पिशवी भरली.

"अक्का, आमी सोमवारची पंगत सांगून बसलोय लोकांना," सिद्धम्मा म्हणाली. "उद्या संध्याकाळची. तुमी नसल्यावर आमचं कसं?"

"उद्या तुमची चूल पेटायच्या आत मी इथं असेन. शब्द देते."

राजशेखर डाळ निवडून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "जाणारा माणूस असंच म्हणतो."

खरं सांगायचं तर माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. एकदा नांदेडला पाय टेकला की मी तिथून हलणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

अहमदपूरला गाडी बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत ऊन कललं. नांदेडला उतरले तेव्हा दिवे लागत होते. या वेळेला आमचं शटर खाली असतं, नासिर पायरी धूत असतो आणि मी आत जेवायला बसलेली असते. आज शटर वर होतं. आत उजेड, आणि भिंतीपर्यंत पंगत बसलेली. लग्नाची नव्हे. प्लास्टिकच्या पिशव्या, एक्स-रेची पाकिटं, मांडीवर झोपलेली लेकरं. आमचीच माणसं.

मी पदर डोक्यावर ओढून शेवटच्या ओळीत जाऊन बसले. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. उमरीची होती, वहिदा नाव. नवरा वॉर्डात.

"पहिल्यांदाच आलात? बसा, बसा. आता मिळतं. मागच्या आठवड्यात मी ह्याच गाडीनं आले तर शटर खाली. बिस्कुटावर रात काढली आम्ही मायलेकींनी."

"लवकर का बंद करतात?"

"इथली मोठी बाई उपाशी बसते म्हणं, सगळ्यांचं झाल्याबिगर जेवत न्हाई. मग काम करणारे लवकर आटपतात, तिला घास मिळावा म्हणून. चांगली बाई हाय म्हणतात. पण तिच्या उपासात आमचाबी उपास." ती हसली. "आता गावाला गेलीया. अल्लाह करो अन् महिनाभर तिकडंच राहो."

मी पदर आणखी पुढं ओढला. नासिर भात वाढत वाढत आला. "मावशी, हात काढा, भा—" त्याची पळी तिथंच थांबली.

"वाढ," मी हळूच म्हणाले. "त्यांना आधी वाढ."

पंगत उठल्यावर कोठीत आम्ही तिघं बसलो. लुंबिनी भिंतीकडं बघत होती.

"कधीपासून?"

"श्रावणापासून. तुम्ही पातेल्यापाशी भोवळ येऊन पडलात तवापासून. डॉक्टर म्हणाले, साखर उतरते, वेळेवर खायला पाहिजे. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, नेम हाय. मग आम्ही शटर ओढायला लागलो. सगळे जेवले म्हणून सांगायला लागलो."

"खोटं सांगितलंत."

"हाव. रोज." आता तिचे डोळे भरले. "मग काय करायचं होतं, अक्का? तुम्हाला कुणी काही सांगू शकतं का?"

नासिर जमिनीवर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "अक्का, रोजा आम्हीबी ठेवतो. पण आमच्या रोज्याला मगरिबची, सांजेची अजान असती. झाली अजान, सुटला रोजा. तुमच्या उपासाला अजानच न्हाई. उमरीची माणसं झाली की मुदखेडची येतात, ती झाली की कुणी अँब्युलन्सच्या मागून रिक्षानं येतं. शेवटचा कुणाला म्हणायचं? कुणी तरी म्हणायला पाहिजे. मग आम्हीच म्हणून टाकायलो."

मला रागवायचं होतं, पण कुणावर ते कळेना. घरी जाऊन पूजेला बसले. विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं, नजर लावली. इतर दिवशी मन थोडं फिरून का होईना, तिथं येऊन टेकतं. त्या दिवशी टेकेना. मामंजींनी जन्मभर वाढलेली पंगत उदगीरच्या जत्रेतली. तिथं शेवटचा माणूस डोळ्यांना दिसतो, पत्रावळ उचलतो, हात धुतो. त्यांनी दवाखान्याची पंगत महिनाभरच पाहिली. शब्द त्यांचा होता, की मी त्याला धरून बसले होते? आणि नेम मोडला तर मी कोण उरते? मला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. फक्त डोळ्यांपुढून ती मायलेक आणि त्यांचा बिस्किटाचा पुडा हलेना.

सोमवारी पूजा आटोपून दासोहात आले. लुंबिनीनं मला बघून किल्ली पुढं केली.

"असू दे तुझ्याकडं. सकाळच्याला काय केलंय?"

"मुरमुऱ्यांचा सुशीला."

"वाढ मला."

तिला वाटलं ती चुकीचं ऐकतेय. नासिरनं जाळ कमी केला, जणू जाळाच्या आवाजानंच काही बिघडेल. मी सगळ्यांसमोर पाट घेऊन बसले. मुरमुऱ्याचा तो घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. बाहेर रांग उपाशी उभी आणि मी जेवतेय. तरी ताट संपवलं.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

"सकाळच्याला कमीच असतं अक्का," नासिर म्हणाला. "आजवर कुणी बोललं न्हाई."

"आजपासून वाढणाऱ्यांनीही पाळीपाळीनं आधी खायचं. रात्रीच्या गाड्या होईस्तोवर शटर वर. बाकी काय ते तुम्ही बसून ठरवा."

"अन् तुम्ही?" लुंबिनीनं विचारलं.

"मी फोन करणार नाही. काही अडलं तर तूच कर."

अजून दहा गोष्टी सांगायच्या होत्या. डाळीचं पोतं खालचं आधी काढ, मागची मोरी तुंबते, गॅसवाला उधारी मागेल. ओठांपर्यंत आल्या, तिथंच ठेवल्या. पिशवी उचलली. सांगून निघाले असते तर कुणीतरी बसस्टँडपर्यंत आलं असतं, काम सोडून. ते पुन्हा चुलीकडं वळल्यावर मी मागच्या दारानं बाहेर पडले.

रांग वळून पार गल्लीत आली होती. ती ओलांडायला मी दोघांच्या मधून वाट काढली तसा एक माणूस डाफरला, "ओ बाई, मधीच कुठं? मागं जावा की लायनीत."

"माझं जेवण झालंय," मी म्हणाले, आणि लातूरच्या गाडीसाठी स्टँडकडं चालू लागले.