कपाळ टेकण्याची जागा

मी एक जुना मल्लखांब आहे. मित्रांनो, अमरावतीच्या एका व्यायामशाळेत मी कित्येक वर्षे ताठ उभा आहे. तेव्हा माझे गाऱ्हाणे ऐकताना तुम्हीही जरा ताठ बसावे, एवढी माझी अपेक्षा आहे.

धारणीच्या पलीकडे, मेळघाटात मी साग म्हणून वाढलो. बैलगाडीतून घाट उतरलो आणि शालिकराम सुतारांच्या हाती पडलो. त्यांनी माझे अंग खाली जाड व वर निमुळते केले, मान कोरली, मानेवर बोंड घडवले. खुशालराव वस्तादांनी मला जमिनीत रोवले आणि अंगाला एरंडेल चोळले. पुढे रोज सकाळी ते चोळत. दिवाळीतल्या जावयाचेही एवढे लाड होत नसतील.

आमच्या आखाड्यात एक रीत होती. उडी घेण्यापूर्वी मुलाने माझ्यापुढे यावे, दोन्ही हात लावावेत आणि माझ्या अंगाला कपाळ टेकावे. नव्या मुलाला वस्ताद सांगत, "हा तुले पाडते बी आन् सांभाळते बी. पयले त्याले सांग, मी येऊन राहिलो." कपाळे टेकून टेकून माझ्या अंगावर तेवढी जागा आरशासारखी झाली होती. तिचा मला फार अभिमान होता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. नागपूरचे साहेब आले की त्यांना आमची मुले दाखवत. उन्हाळ्यात महिनाभर शिबिर भरे. मूर्तिजापूरची, वरूडची मुले येऊन राहत. शेतकरी घरे ज्वारी पाठवत, आणि मनकर्णाबाई आपल्या मळ्यातली वांगी पाटीतून आणून चुलीपाशी उतरवत. त्यांचा नातूही त्याच शिबिरात होता. अकोल्याच्या सामन्यांत आमच्या मुलांनी सर्वांना मागे टाकले, त्या वर्षी लोकांनी मला हार घातला होता.

पुढे एका वर्षी पाऊस रुसला. ज्वारी पुरेशी येईना आणि शिबिर बंद पडते की काय, असे झाले. तेव्हा संस्थेचे कार्यवाह, महादेवराव वकील, एका बिडी कारखानदाराला घेऊन आले. शेठ शिबिराचा सारा भार उचलणार होते: धान्य, दूध, गणवेश, सारे. त्यांची एकच इच्छा होती. माझ्या अंगावर त्यांच्या बिडीचे नाव रंगवायचे.

वस्तादांनी माझ्या अंगावर हात ठेवला.

"काहून तोंड पाडून राहिले, वस्ताद?" महादेवराव म्हणाले. "आपला नेम काय सांगते? दारू, गांजा, अफू विकनाऱ्याचा पैसा घ्याचा नाही. त्यात बिडी कुठं हाय?"

"नेम केला तवा बिडीवाला दारात आला नव्हता, वकीलसायेब."

"मंग आता नवा नेम कसा कराचा? शेठले पाहून केला म्हनतीन लोक."

"नेम काहून केला होता, ते तं आठवा. पोरायच्या छातीसाठी केला होता न?"

"पोरायले बिडी ओढा कोन म्हनते? नाव तं हाय नुसतं. आन् शिबिर बंद पडलं, तं तेच पोरं पानठेल्यावर बसतीन. मंग?"

वस्ताद तेलाची वाटी उचलून आत गेले. मित्रांनो, मला तोंड असते, तर या 'मंग'चे उत्तर मी दिले असते. तीन नावे नोंदली म्हणजे नियम झाला, अशी शिकल्यासवरल्या माणसांची समजूत असते, आणि चौथे नाव दारात आले की ती निवांत होतात. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

रंगारी आला. तेलकट लाकडावर रंग धरेना, म्हणून त्याने सोडा लावून मला घासले, खरवडले. आणि मोकळी, गुळगुळीत जागा पाहून नेमक्या तिथेच त्याने हिरव्या अक्षरांत बिडीचे नाव काढले.

शिबिर थाटात सुरू झाले. शेठ खुर्चीवर बसले होते. मुले रांगेने आली आणि रोजच्या रीतीने एकेक कपाळ त्या हिरव्या अक्षरांवर टेकू लागले. मनकर्णाबाई वांग्यांची पाटी घेऊन आल्या होत्या. "आता नाही लागत, बाई, शेठ सारं देऊन राहिले," असे महादेवरावांनी त्यांना नुकतेच सांगितले होते. त्या पाटी कमरेवर घेऊन पाहत राहिल्या.

"वकीलसायेब, माहा नातू कोनाच्या पाया पडून राहिला?"

"मल्लखांबाच्या, बाई. तुमाले रीत ठाऊक हाय."

"मले तं बिडीच दिसून राहिली. खांब कुठं हाय, दाखवा बरं."

कोणी तरी हसले. महादेवराव हसले नाहीत.

वस्तादांनी रांग थांबवली. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पोरंहो, आजपासून कपाळ टेकाचं नाही. सरळ उडी घ्या." शेठचे दूध मुलांच्या पोटात गेलेले होते, शिबिर मोडणे वस्तादांच्या हाती नव्हते. जी हाती होती, ती रीत त्यांनी मोडली. मनकर्णाबाई पाटी तशीच घेऊन निघून गेल्या.

दोन उन्हाळ्यांनंतर शेठना जत्रेतली जाहिरात अधिक सोयीची वाटली. ते आले नाहीत. वांगी आली नाहीत, ज्वारीही आली नाही. ज्यांना एकदा नको म्हटले, त्यांना पुन्हा बोलवायला कोणाला तोंड होते? शिबिर बंद पडले. वस्तादांनी हिरवा रंग स्वतः खरवडून काढला आणि पूर्ववत एरंडेल चोळले, पण मोडलेली रीत पुन्हा सुरू केली नाही.

मित्रांनो, आजही काही मुले माझ्याकडे येतात. चांगली उडी घेतात. पण कपाळ कोणी टेकत नाही. त्यांना ते कोणी शिकवलेच नाही, आणि शिकवणारे वस्ताद आता नाहीत.

म्हणून तुम्हांला बजावून सांगतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही संस्था असतील आणि दारात उदार माणसे येतील. तेव्हा नियमात त्यांचे नाव नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. ज्या नावापुढे आपल्या लेकराला कपाळ टेकायला सांगताना आपला आवाज बारीक होतो, त्याचे दूध लेकरांना पाजू नका. आणि जमले, तर तुमच्यापैकी एकाने उद्या सकाळी उडी घेण्यापूर्वी क्षणभर माझ्यापाशी थांबावे.