स्टेपनीची पाळी

रतनचे वडील अण्णा जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच अमावास्या आली. चाकण-चिंचवड रस्त्यावरचे मोटारवाले अमावास्येला गाडी काढत नसत. त्याच रस्त्यावर भाड्याची मोटार चालवणारे अण्णा तो दिवस चाकांची अदलाबदल करण्यात घालवत. म्हणून रतनने सकाळीच पदर खोचला आणि जॅक अंगणात आणला.

"सुतकात लोखंडाला हात लावती व्हय?" चिमाजीकाका ओट्यावरून म्हणाले. "दौलतराव येतोय आत्ता गाडी बघायला. उद्या नेणार हाय. म्या शबूद दिलाय त्याला."

"शब्द तुमचा, काका. गाडी आईची आहे."

"बाईमाणसानं मोटार ठिवून काय लोणचं घालायचं?"

"चालवायची."

काका हसले. अण्णांनी मोशीच्या माळावर लेकीला मोटार शिकवली, परवाना काढून दिला, तेव्हाही सारी भावकी अशीच हसली होती. रतनने जॅक मोटारीखाली सरकवला. ही मोटार गेली असती, तर अण्णांचं म्हणून घरात उरणारं सगळं एका ट्रंकेत मावलं असतं.

चाकण रस्त्यावर डांबर होतं एका गाडीपुरतं. समोरून बस आली की डावी चाकं मुरमात उतरायची आणि त्या बाजूचं रबर आधी खाल्लं जायचं. पुढच्या चाकांच्या कडा झिजत, मागच्यांची मधली नक्षी जाई. एकाच चाकानं एकच जागा जन्मभर का सोसावी, असं अण्णा म्हणत.

तिने मागचं उजवं चाक उतरवलं आणि तिथे कोरी स्टेपनी चढवायला घेतली. तेवढ्यात दौलतराव आला.

"अहो बाई, स्टेपनी कशाला काढलीत? तिच्याकडं बघून तर सौदा केलाय. अडीनडीला ठेवायची असती ती."

"तुमच्या मोटारीच्या स्टेपनीवर तुम्ही दर दसऱ्याला हळदकुंकू वाहता ना, दौलतराव? आणि वापरायची वेळ आली, तेव्हा तडकलेली निघाली. मंचरच्या वाटेवर अण्णाच तुम्हाला ओढत घेऊन आले होते."

दौलतरावाने काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे बघत होते.

रतनने उतरवलेलं चाक ढकलत पुढे नेलं, पुढच्या डाव्या जागी बसवलं. तिथलं मागच्या डाव्या जागी गेलं, तिथलं पुढच्या उजव्या. उरलेलं पुढचं उजवं चाक स्टेपनी म्हणून विसाव्याला. एक जॅक पुरत होता. हातात कायम एकच चाक मोकळं. नट ती समोरासमोरचे आवळत होती, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. पान्याचा दांडा एका जागी अण्णांच्या तळहाताने गुळगुळीत झाला होता. तिने हात जरा खाली धरला.

"आता कोरी नाही राहिली ती," मातीला लागलेल्या चाकाकडे बघत दौलतराव म्हणाला. "चिमाजीराव, मला असली गाडी नको."

"आरं, परत बदलून देतो की. पोरगी काय, दोन दिस रुसंल..." काका उठून अंगणाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "रतने, काढ ती स्टेपनी. हितनं गाडी हलायची न्हाई."

रतन आत बसली आणि मोटार सुरू केली. काका जागचे हलले नाहीत. तिने क्लच दाबून गिअर टाकला, इंजीन बंद केलं नाही.

दाराआड कोपरा धरून बसलेल्या रतनच्या आई, कौशल्याबाई, उंबऱ्यावर आल्या. धनी गेल्यापासून त्या पहिल्यांदाच बाहेर दिसत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "वाट सोडा."

"वैनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. त्येंनी शिकवलंय तिला."

काका बाजूला झाले.

गावाबाहेर रतनने मोटार थांबवली. थोडं चालल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात. ती वाकून पाना फिरवत असताना बाजाराला निघालेली भाजीवाली गवराबाई पाटी घेऊन जवळ आली. आज एकही गाडी नव्हती, त्यामुळे ती सकाळपासून ताटकळत होती.

"सुतक हाय न्हवं तुज्या घरी?"

"आहे."

"आन आज आवस."

"तीही आहे."

गवराबाईने पाटीतल्या मेथीकडे पाहिलं. मेथी मान टाकू लागली होती.

"कुटवर जातीस?"

"चिंचवड स्टेशन."

"आन उद्या?"

"उद्याही. रोज."

"मंग पाटी धर," गवराबाई म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढली.