दोऱ्याचं वळलेलं टोक

चहाचा थर्मास घेऊन बारकी परत आली, तर दादा तिच्याच स्टुलावर बसून तिच्याच काठीचा गळ तळ्यात टाकून मोकळा झाला होता.

"तुझी काठी कुठाय?"

"अगं, तिचं रीळ अडकतंय. नवीन आहे ना. आणि ही तर तयारच होती." त्याने मान न वळवता हात मागे केला. "आण, चहा दे."

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तयारच होती म्हणे. आपोआप तयार झाली काय? गेला आठवडाभर, दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून झाल्यावर, ती रोज संध्याकाळी सायकल दामटत या तळ्यावर येत होती. गळ नाही, काठी नाही, नुसता मूठभर उकडलेला मका. पानगळ सुरू झाली की पाणी गार पडतं आणि कार्प मासे उथळ काठ सोडून खोलात उतरतात. थंडीआधी त्यांना पोट भरून घ्यायचं असतं, पण ढीगभर टाकलं तर तोंड फिरवतात. थोडं थोडं, एकाच जागी, ठरल्या वेळी टाकत राहावं लागतं, तेव्हा कुठे विश्वास बसतो. जागाही काही सहज सापडली नव्हती. दोऱ्याला नुसतं शिसं बांधून तिने सगळा तळ चाचपला होता. जिकडेतिकडे कुजक्या पानांचा लगदा, शिसं आपलं रुतून बसायचं. शेवटी एका ठिकाणी ते टकटक करत सरकलं. चटईएवढा कडक, स्वच्छ तळ होता तिथे.

हे सगळं बाबांनीच शिकवलेलं. तिला नव्हे, दादाला. दादाला शिकवताना ती शेजारी हातजाळी धरून उभी असायची, एवढंच. दादाला आता त्यातलं काहीएक आठवत नव्हतं आणि बारकीला शब्दन्‌शब्द पाठ होता.

बाबा मागे चाकांच्या खुर्चीत होते, मांडीवर ब्लँकेट. झटका आल्यापासून उजवी बाजू गेलेली, आणि बोलणं म्हणजे दिवसाकाठी दोन-चार शब्द, तेही अर्धे. या तळ्यात वरचा ओठ फाटलेला एक मोठा कार्प होता. तो ओठ बाबांच्याच गळातून निसटताना फाटला होता आणि पुढे कितीतरी वर्षं बाबा त्याच्या मागे लागले होते. आता तो मासा बारकीला हवा होता. खायला नाही की विकायला नाही. ओल्या चटईवर बाबांसमोर ठेवायचा आणि त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं, बारकीने धरला. मग द्यायचा परत सोडून. चाळिशी उलटली तरी आपण असल्या गोष्टीसाठी झुरतो, याचाही तिला राग यायचा.

आणि दादा? कधीतरी उगवणार, बाबांना महागडा शर्ट आणणार, ज्याची बारीक बटणं पुढे वर्षभर रोज सकाळी बारकीने लावायची. आणि तो दारात दिसला की, एरवी पाणी मागायलाही शब्द न फुटणारे बाबा "आलास" एवढं मात्र अगदी स्वच्छ म्हणणार.

"ऊठ, दादा. ती जागा मी चारलीय."

"तळं काय तुझ्या नावावर आहे का? बस की शेजारी. मी गळ टाकलेला बघून बाबांनाही बरं वाटेल. हो ना, बाबा?"

बाबा पाण्याकडे बघत होते. बारकीने दातओठ खात चहा ओतला.

कप दादाच्या हातात पोचायच्या आत काठीचं टोक वाकलं, सावरलं, आणि रीळ करकरत सुटलं. दादा ताडकन उठला आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा दोन्ही हातांनी ओढायला लागला.

"ढील दे," बारकी म्हणाली. "पळू दे त्याला. दमला की आपणच येईल."

"गप्प बस. मला शिकवू नकोस."

"दादा, ढील दे. ओढू नकोस."

त्याने रीळ अजून आवळलं. काठापासून काठीभर अंतरावर पाणी उकललं आणि मासा वर आला. रुंद, पिवळसर पाठ, आणि वरच्या ओठाची लोंबती चिंधी. तिघांनीही पाहिली. बाबांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. मग काठी एकदम सरळ झाली आणि दादा दोन पावलं मागे धडपडला.

"तुटला," तो मटकन स्टुलावर बसत म्हणाला. "भिकार दोरा."

बारकीने दोऱ्याचं टोक बोटांत धरलं. तुटलेला दोरा टोकाशी सरळ असतो, छाटल्यासारखा. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. दोरा तुटलाच नव्हता, गळाची गाठ सरकून सुटली होती. तिने वर पाहिलं. बाबांची नजरही त्या टोकावरच होती. तो फरक त्यांनीच शिकवलेला.

"काय बघतेस एवढं?"

"गाठ सुटलीय."

"कुणी बांधली होती?"

सकाळी घरी बाबांनी खुणेने बारकीकडून गळ मागून घेतला होता. डावा हात आणि दात, एवढ्यावर ते कितीतरी वेळ झटत होते. गाठ बसली तेव्हा घामाघूम झाले होते. झटक्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम. गाठ कच्ची आहे हे तिला दिसत होतं, पण त्यांच्यासमोर ती सोडून पुन्हा बांधायला तिचं मन धजावलं नाही. मासा जपून खेळवला, ढील देत राहिलं तर निभावेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"माझी," ती म्हणाली. "मी बांधली."

"वाटलंच. जन्मभर या काठावर उभी राहिलीस आणि साधी गाठ येत नाही तुला? मी काढलाच होता तो मासा. बाबांसाठी. त्यांची एवढी एक इच्छा राहिली होती, तिचीही माती केलीस."

संतापाने तिचे कान तापले. एका वाक्यात दादाचं तोंड बंद झालं असतं. पण ते वाक्य मागच्या खुर्चीलाही ऐकू गेलं असतं. तिने ते गिळलं.

"माझी."

आवाज खुर्चीतून आला होता. दादा वळला.

"काय म्हणालात, बाबा?"

"गाठ. माझी."

दादा हसला. "बघ, अजून तुला पाठीशी घालताहेत. तुम्हीच लाडावून ठेवलीय हिला, बाबा."

लाडावून. लहानपणी दादाने फोडलेल्या खिडकीचा मारसुद्धा तिने खाल्ला होता, आणि खिडकी कुणी फोडली ते बाबांना मारतानाही माहीत होतं. बारकीच्या मुठी वळल्या. एवढ्या जन्मात पहिल्यांदा हा माणूस तिच्यासाठी खरं बोलला, तर तेही खोटं ठरलं.

बाबांनी डावी मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटली. ब्लँकेट खाली घसरलं. मानेच्या शिरा तटतटल्या, तोंड वाकडं झालं, शब्द येईना. ती हनुवटी पुसायला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. दोन बोटं दातांशी नेऊन त्यांनी दोरा आवळतात तशी ओढून दाखवली.

"मी. बांधली. सकाळी."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "खरं का गं?"

"मला काय विचारतोस? ते सांगताहेत ना."

बाबांनी दादाकडे बोट रोखलं, मग स्टुलाकडे.

"ऊठ."

दादा उठला. बाजूला जाऊन उभा राहिला.

बारकी बसली. नवा गळ घेतला. राग अजून ओसरला नव्हता, आणि तो एकट्या दादावर होता असंही नाही. दोरा गळाच्या नेढ्यात काही केल्या जाईना. बाबा तिची वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी वाट पाहिली होती ती फक्त माशांची.