फिक्रेतची सही

माझी भाची बेल्मा, सोळा वर्षांची, एका मंगळवारी चमचा हातात धरून जी थांबली ती थांबलीच. बोलणं नाही, गिळणं नाही. हात उचलून ठेवला की तसाच हवेत राहायचा. मी मनोरुग्णांच्या वॉर्डातली जुनी नर्स, बघताक्षणी ओळखलं, हे मनाचं दुखणं. पण माझी धाकटी बहीण रेफिका तिला आधी भीती उतरवणारीकडे घेऊन गेली. डोक्यावर चादर धरून वितळलेलं शिसं पाण्यात ओतायचं, ही आमच्या बॉस्नियातली रीत. चादरीचं एक टोक मीही धरलं होतं. तीन आठवडे त्यात गेले, ओठांत थेंब थेंब सोडलेल्या पाण्यावर ती कशीबशी तगली.

इस्पितळात आणली तेव्हा पोरीची नुसती हाडं उरली होती. इंजेक्शनने तासभर डोळे हलायचे, मग पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, आता भूल देऊन विजेचे उपचार, नाहीतर ती हातची जाईल. बापाची सही हवी होती आणि बाप, फिक्रेत, नाहीच म्हणत होता.

मी त्याला बेल्माच्या खाटेशीच गाठलं. "पोर मरायला टेकलीय आणि तू हटून बसलायस? कारण तरी सांग."

"युद्धात, कैद्यांच्या छावणीत मला दिलाय करंट, ताई. आधी अंगावर पाणी ओतायचे."

"रेफिकाला माहितीय?"

"कुणालाच नाही."

युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. आमच्याकडे पुरुषांना असलं कुणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र तो सांगत सुटला, वायरी कुठे लावायचे, कोण हसायचं, त्यात शेजारचा कोण होता. असा रोगी दगड दिसला तरी त्याचे कान उघडे असतात, हे नव्या पोरींना मीच शिकवते. आणि मीच विसरले.

संध्याकाळी त्याने सही केली.

सातव्या उपचारानंतर बेल्माने दोन चमचे दही खाल्लं. रेफिकाचं रडू आवरेना. फिक्रेत लेकीचे पाय चोळत होता.

"बाबा," ती खरखरीत आवाजात म्हणाली, "ते हसायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?"

फिक्रेतचे हात थांबले.

"कोण हसायचे गं?" रेफिकाने विचारलं.

बेल्मा बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुणी नाही, आई. स्वप्न पडलं होतं."

तोंड उघडून एक दिवस झाला नव्हता, आणि पोर गप्प राहायला शिकलीसुद्धा.