शिंप्याच्या पट्टीला वाटलेली लाज

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, शिंप्याच्या दुकानातली. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, अंगावर इंचांच्या खुणा कोरल्या. तेव्हापासून आपल्या सरळपणाचा मला भारी ताठा! मालक माझ्या कडेने खडूची रेघ ओढत. "काय बेतलाय सदरा!" असं गिऱ्हाईक म्हणालं, की मालकांच्या आधी मीच फुगायची.

पण मालक माझ्याकडून आणखी एक काम करून घेत, ते सांगायची मला लाज वाटते. मालकांची आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की दुकानात येई. बटणं सांडली, की पट्टी. उलट बोलली, की पट्टी. मालक काही दुष्ट नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच वाढवलं होतं, आणि दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

एके दिवशी शाळेतून निरोप आला, मुलीने मैत्रिणीला फूटपट्टीने मारलं. मालकांचं पित्त खवळलं.

"मारामारी करतेस? हेच शिकवलं का मी तुला?" म्हणत त्यांनी मला उचललं.

मुलगी पळाली नाही की रडली नाही. तिने आपणहून हात पुढे केला आणि डोळे मिटले. "लवकर मारा बाबा, मला गृहपाठ करायचाय."

शिलाई मशीनवर बसलेल्या तिच्या आईचे पाय थांबले. "अहो, कापड कापायच्या आधी दोनदा मोजता. पोरीला एकदा तरी विचारा, काय झालं ते."

मालकांनी मला खाली ठेवलं. अडखळत विचारलं, "का गं मारलंस?"

"तिने माझं चित्र फाडलं. मी एकदा सांगितलं, तिने ऐकलं नाही." मुलीने डोळे उघडले. "मग मारायचंच असतं ना, बाबा?"

मालक तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "नाही गं. माझंच चुकलं." तेव्हा कुठे ती रडली. दुसऱ्या दिवशी दोघं मैत्रिणीची माफी मागायला गेले.

त्याला दोन वर्षं झाली. मी आता फक्त कापड मोजते. मुलगी बाहुलीचे कपडे बेतते, पण त्यासाठी दुसरी पट्टी मागून आणते. मला अजून हात लावत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखालीही कुणी लहान येईल. त्याच्यावर हात उगारण्याआधी विचारा, "काय झालं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.