तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

फोटो आला तशी वसुधाने हात जोडले, त्यातल्या दिव्याकडे पाहून डोळे मिटले आणि चहाचा कप उचलला. कप ओठांपर्यंत गेला नि तिथेच थांबला. मग एक घोटही न घेता तिने तो खाली ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

कुंभकोणमच्या घाटावरचा घरचा मारुती. पुढे तेवणारा दिवा, मागे कावेरी. तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी.

"आई, दिवा आला ना? मग आता काय?" लॅपटॉप बॅगेत सरकवत सून म्हणाली. देवयानीला शिकागोची ट्रेन गाठायची होती. "प्लीज, काहीतरी खा. शुगर लो झाली तर मी ऑफिसातून काय करणार?"

"खाते हं," वसुधा म्हणाली, आणि फोटोच पाहत राहिली.

तिच्या सासरचं घराणं भोसल्यांच्या राज्यात तंजावरकडे गेलं आणि तिकडचंच होऊन राहिलं. घाटाच्या मधल्या टप्प्यावर त्यांचा मारुती. दिवेलागणीला तिथला दिवा घरच्या सुनेनेच लावायचा आणि त्या वेळेपासून तो लागेपर्यंत सुनांनी अन्नाला शिवायचं नाही, असा नेम. आता नेम पाळणाऱ्या सुना दोनच उरल्या होत्या. थोरली, म्हणजे अक्का, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चौदा पायऱ्या उतरून दिवा लावी आणि फोटो पाठवी. धाकटी वसुधा, नवरा गेल्यापासून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलाकडे, सत्यजितकडे. तिथली दिवेलागण म्हणजे इथली सकाळ. नऊ वर्षं तिचा दिवस अक्काच्या दिव्यानेच सुरू होत होता.

पण हा वैशाख होता, आणि वैशाखात कावेरीत वाळू असते. वरच्या धरणाचं पाणी सुटेपर्यंत पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मोगरा आणायला म्हणून ती अक्काच्या मागोमाग ते पात्र पायी ओलांडून गेली होती.

वसुधा जुने फोटो मागे मागे सरकवत गेली. कार्तिकात थांबली. हाच हार, हाच पायरीवरचा कावळा. कालचा फोटो मार्गशीर्षात सापडला, परवाचा त्याच्याच शेजारी. असे एकवीस दिवस.

देवयानी खांद्यावरून पाहत होती.

"म्हणजे तीन आठवडे त्या जुनेच फोटो पाठवतायत? आई, ही तर चक्क चीटिंग झाली. आणि तुम्ही इथे रोज उपाशी वाट बघत बसता."

"अक्का फसवायची नाही," वसुधा म्हणाली. घड्याळात किती वाजले ते सांगावं तितक्या सहज.

तिने फोन लावला. व्हिडिओ अक्काने घेतला नाही, साधा फोन घेतला. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न तिचाच.

"जेविलीस का गो?"

वसुधाने इकडच्या हवेचं सांगितलं, नातवाच्या परीक्षेचं सांगितलं आणि मग नदीला पाणी कितपत आहे ते विचारलं. आहे की, तिसऱ्या पायरीला लागलंय, असं अक्का न अडखळता म्हणाली. तिच्यामागे कुणीतरी पुरुष तमिळमध्ये सावकाश आकडे मोजत होता. ओण्णु. रेंडु. मूणु. दर आकड्याला अक्काचा श्वास अडकत होता. पाचाला तिने चुलीवर काही ठेवलंय म्हणून घाईने फोन बंद केला.

"पाय मोडलाय तिचा," वसुधा म्हणाली. "नाहीतर खुबा. व्यायाम करवून घेतायत."

"मग कळवायचं नाही का?"

"कळवलं असतं तर दिवा लागत नाही हेही कळलं असतं. मग मी जेवले नसते."

वसुधा कपाकडे पाहत होती. चहावर साय धरली होती.

"एकवीस रात्री," ती हळूच म्हणाली. "दिवा लागला नाही हे मला ठाऊक नव्हतं, देवयानी. तिला होतं."

देवयानी भराभर बोलू लागली. सत्यजितला आत्ताच फोन करू, तिकडे कुणाला तरी पाठवू, चोवीस तास बाई ठेवू. ते सगळं करायचंच, वसुधा म्हणाली, आणि माझं तिकीटही बघायला सांग त्याला. "पण तिची जेवायची वेळ आत्ता आहे."

तिने देवघरातला जास्तीचा दिवा घेतला, तेलवात घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. घरांच्या रांगेमागे कॉलनीचं लहानसं तळं होतं. काठाला मोठे दगड लावलेले, गवतात बदकं फिरत होती. दिवा सुनेने लावायचा, एवढंच सासूबाईंनी सांगितलं होतं. कुठल्या पाण्याकाठी, ते सांगितलं नव्हतं. तिचा स्वतःचा नेम तीन आठवडे मोडला होता, पण त्याचं ती मारुतीशी नंतर बघून घेणार होती.

वाऱ्याने दोन काड्या विझवल्या. तिसरीच्या वेळी शेजारी कुणीतरी गुडघ्यावर बसलं आणि ऑफिसची बॅग आडवी धरली. वात पेटली.

"ट्रेन?" वसुधाने विचारलं.

"पुढची घेईन. तुम्ही हात नका काढू, फोटो मी काढते."

फोटोखाली वसुधाने सावकाश एकेक अक्षर लिहिलं: 'अक्का, घरचा दिवा लागला. तुझा पाय बरा होईपर्यंत मी लावीन. आता जेव.'

निरोपापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक बदक जवळ येऊन दिव्याकडे मान वाकडी करून पाहून गेलं.

"रागावल्या असतील का? सगळं कळलं म्हणून?"

वसुधा ज्योतीला ओंजळीचा आडोसा करून बसून राहिली.

फोन थरथरला. शब्द एकही नव्हता, नुसता फोटो. चादरीवर ठेवलेली स्टीलची ताटली, तीत दोन इडल्या, एकीचा कोपरा मोडलेला. आणि फोटोच्या कडेला, चुकून आलेला, अक्काचा चटणीने माखलेला अंगठा.